बिल कुणाच्या नावावर?

1948 च्या जुलैत ब्रिटनमध्ये ब्रेड रेशनवर मिळत होता. महायुद्धाच्या सहा वर्षांत, जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजं बुडवत असतानाही, ब्रेडला रेशन लागलं नव्हतं. ते लागलं युद्ध जिंकल्यावर, 1946 मध्ये. तिजोरी रिकामी झाली होती. अमेरिकेकडून 3.75 अब्ज डॉलरचं कर्ज काढावं लागलं होतं. त्याचा शेवटचा हप्ता फिटायला 2006 साल उजाडलं. शहरांतले मोहल्लेच्या मोहल्ले बॉम्बखाली गेलेले, कपड्यांना कूपन, कोळशाची टंचाई. अशा अवस्थेत, 5 जुलै 1948 या सोमवारी, त्या देशाने जाहीर केलं की आजपासून इथे राहणाऱ्या कुणालाही डॉक्टर, ऑपरेशन, औषध, चष्मा किंवा दातांची कवळी यांसाठी खिशात हात घालावा लागणार नाही.

त्याच वर्षी अटलांटिकच्या पलीकडे, जगातला सर्वांत श्रीमंत देश याच प्रश्नावर दुसऱ्या वाटेला लागला होता. आणि दिल्लीत, नव्या सरकारच्या हाती दोन वर्षांपूर्वीचा एक चार खंडी अहवाल होता. त्याचं मूळ तत्त्व ब्रिटनच्या कायद्यापेक्षा तसूभरही कमी नव्हतं.

आज अमेरिका आपल्या राष्ट्रीय उत्पन्नातला 17 टक्क्यांहून अधिक वाटा आरोग्यावर घालवते, माणशी वर्षाला 14 हजार डॉलरच्या वर. ब्रिटनचा खर्च उत्पन्नाच्या 11 टक्क्यांच्या आसपास आहे, आणि तिथला माणूस सरासरीने अमेरिकन माणसापेक्षा जास्त जगतो. भारतात केंद्र आणि राज्य सरकारं मिळून राष्ट्रीय उत्पन्नाचे दोन टक्केही आरोग्यावर खर्च करत नाहीत. ही तफावत केवळ गरिबी-श्रीमंतीची नाही. तिचं मूळ 1942 ते 1951 या वर्षांत आहे. आजारपणाचे पैसे माणूस धडधाकट असताना सगळ्यांकडून थोडे थोडे घ्यायचे, की तो खाटेवर आडवा पडल्यावर त्याच्याकडून एकदम घ्यायचे, याचा निकाल तीन देशांनी त्या काळात तीन तऱ्हांनी लावला.

पौंडामागे तीन पेन्स

सगळ्यांकडून आधी थोडं थोडं घेण्याची कल्पना सरकारी पातळीवर प्रथम अमलात आणली ती जर्मनीच्या बिस्मार्कने, 1883 मध्ये. समाजवाद्यांवर बंदी घालणाऱ्या या माणसाला कामगार त्यांच्याकडे जाऊ द्यायचे नव्हते. त्याच्या आजारपण विम्यात हप्त्याचे दोन वाटे कामगार भरायचा, एक वाटा मालक. 1908 मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज ही व्यवस्था पाहायला जर्मनीला गेले आणि 1911 मध्ये त्यांनी आपला कायदा आणला. आठवड्याला कामगाराचे 4 पेन्स, मालकाचे 3, सरकारचे 2. त्यातून कामगाराला डॉक्टर मिळाला. त्याच्या बायकोला आणि पोरांना मात्र नाही. मोठ्या ऑपरेशनसाठी इस्पितळात जावं लागलं, तर तेही विम्याबाहेर.

कायद्याने जे सोडलं, ते दक्षिण वेल्समधल्या ट्रेडेगर या कोळशाच्या गावाने स्वतःच्या हिमतीवर जमवलं होतं. तिथल्या खाणकामगारांनी आणि पोलाद कामगारांनी मेडिकल एड सोसायटी काढली होती. पगाराच्या दर पौंडामागे 3 पेन्स पगारवाटपाच्या वेळीच कापले जायचे. पौंडाचे तेव्हा 240 पेन्स होत, म्हणजे हिशेबाने सव्वा टक्का. या पैशातून सोसायटीने डॉक्टर पगारावर ठेवले, दातांचा डॉक्टर नेमला, परिचारिका नेमल्या. वर्गणी कमावत्या माणसाची, पण उपचार सगळ्या घराला. ज्याचा पगार जास्त त्याचे पेन्स जास्त. औषध मात्र सगळ्यांना सारखंच. 24 हजार वस्तीच्या गावातले बहुतेक सगळे लोक या व्यवस्थेत होते. ए. जे. क्रोनिन हे तरुण डॉक्टर 1920 च्या दशकात इथे नोकरीला होते आणि त्या अनुभवावर त्यांनी 1937 मध्ये 'द सिटाडेल' ही कादंबरी लिहिली. आपल्याकडच्या सिनेरसिकांना तिची कथा 'तेरे मेरे सपने'मधून ओळखीची आहे.

या गावात 1897 मध्ये ॲनायरिन बेव्हन जन्मला. दहा भावंडांतला, बोलताना अडखळणारा. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो खाणीत उतरला. वडीलही खाणकामगार. कोळशाच्या धुळीने त्यांची फुप्फुसं निकामी झाली आणि 1925 मध्ये ते मुलाच्या हातांतच गेले. नुकसानभरपाई मिळाली नाही; या आजाराला कामामुळे होणारा आजार म्हणून तेव्हा कायद्यात मान्यताच नव्हती. बेव्हन पुढे गावच्या इस्पितळाच्या समितीवर काम करू लागला आणि 1929 मध्ये खासदार झाला. सगळ्यांच्या वर्गणीवर गावाचा दवाखाना कसा चालतो, हे संसदेत जाण्यापूर्वीच त्याने हिशेबाच्या वह्यांतून पाहिलं होतं.

रंगपूरचे बेव्हरिज

1941 मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, विल्यम बेव्हरिज यांच्याकडे एक रुक्ष काम सोपवण्यात आलं: देशातल्या निरनिराळ्या विमा योजनांचा मेळ घाला. बेव्हरिज यांचा जन्म बंगालमधल्या रंगपूरचा. वडील तिथे न्यायाधीश होते आणि आई ॲनेट हिने पुढे 'बाबरनामा'चं इंग्रजी भाषांतर केलं. बेव्हरिज यांनी कामाची चौकट ओलांडली. समितीतले बाकीचे सदस्य सरकारी अधिकारी असल्याने अहवालावर सही एकट्या बेव्हरिज यांची झाली. 1942 च्या डिसेंबरात तो प्रसिद्ध झाला, तेव्हा सरकारी प्रकाशनांच्या दुकानासमोर रांगा लागल्या. एका सरकारी अहवालाच्या, संक्षिप्त आवृत्ती धरून, 6 लाखांहून अधिक प्रती खपल्या.

अभाव, रोग, अज्ञान, गलिच्छपणा आणि बेकारी हे वाटेतले पाच राक्षस आहेत, असं त्यात म्हटलं होतं. बेव्हरिज यांनी सर्वांसाठी आरोग्यसेवा हे या योजनेचं गृहीतच धरलं: लोक आजारी पडून कामावरून बसत राहिले, तर बाकीचा विमा टिकणारच नाही.

1945 मध्ये मजूर पक्षाचं सरकार आलं आणि पंतप्रधान ॲटली यांनी आरोग्य खातं 47 वर्षांच्या बेव्हनकडे दिलं. बेव्हनने ट्रेडेगरची रीत देशाला लावताना एक मोठा बदल केला. हप्त्याची पावती पाहून उपचार द्यायचे, तर ज्याचा हप्ता चुकला तो दारातच अडतो. म्हणून त्याने खर्चाचा मुख्य भार सरळ करांवर टाकला. विम्याच्या हप्त्यातून येणारा वाटा दहाव्या हिश्शाच्या आसपासच राहिला. शिवाय देणग्यांवर चालणारी आणि नगरपालिकांची, अशी अडीच हजारांहून अधिक इस्पितळं त्याने सरकारच्या ताब्यात घेतली. तोवर धर्मादाय इस्पितळांत ॲल्मनर नावाची बाई रुग्णाशेजारी बसून घरात कमावतं कोण, भाडं किती, याची चौकशी करायची आणि त्याने किती पैसे द्यायचे ते ठरवायची. ते आता संपणार होतं.

डॉक्टर खवळले. आपण सरकारी नोकर होणार, रुग्ण आणि आपल्यामध्ये कारकून येऊन बसणार, या धास्तीने ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने दंड थोपटले. संघटनेच्या एका माजी सचिवाने या योजनेत हिटलरशाही पाहिली. 1948 च्या फेब्रुवारीत मतदान झालं, तर 40 हजारांवर डॉक्टर विरोधात आणि पाच हजारांहूनही कमी बाजूने.

बेव्हन मूळ तत्त्वावर हटला नाही, बाकी सगळ्यावर वाटाघाटी केल्या. मोठ्या इस्पितळांतल्या तज्ज्ञ डॉक्टरांना खासगी प्रॅक्टिसची मुभा दिली, सरकारी इस्पितळात पैसे भरणाऱ्या रुग्णांसाठी काही खाटाही राखून दिल्या. मोहल्ल्यातल्या डॉक्टरांना पगारी नोकर करणार नाही, हे कायद्यातच लिहून दिलं. त्यांना त्यांच्या यादीतल्या माणसांच्या संख्येनुसार पैसे मिळतील असं ठरलं. तत्त्वनिष्ठ समाजवाद्यांना हे रुचलं नाही. पण तज्ज्ञ फुटले आणि विरोधाची धार गेली. उद्घाटनाच्या दिवशी बहुतेक डॉक्टर योजनेत होते.

त्यानंतर जे दिसलं, त्याने बेव्हनच्या पाठीराख्यांनाही हादरवलं. वर्षानुवर्षं दडवलेली दुखणी दाराशी आली. त्यात बायका फार होत्या. बाळंतपणानंतर अंग बाहेर आलेलं असताना कापडाने बांधून घरकाम रेटणाऱ्या, हर्नियावर पट्टा आवळून दिवस काढणाऱ्या. घरात डॉक्टरचे पैसे द्यायचे झालेच, तर ते कमावत्या नवऱ्यासाठी आणि पोरांसाठी. आईचं दुखणं शेवटी. आतापर्यंत लोक वूलवर्थ्सच्या दुकानातल्या ट्रेमधले चष्मे एकेक डोळ्यांना लावून, ज्यातून बरं दिसेल तो उचलत असत. पहिल्या वर्षात 50 लाखांच्या वर चष्मे दिले गेले आणि सुमारे 85 लाख लोकांच्या दातांवर उपचार झाले. खर्चाचा अंदाज पार कोलमडला.

कोरियाच्या युद्धासाठी शस्त्रांवर पैसा हवा होता, म्हणून 1951 मध्ये अर्थमंत्री गेट्स्केल यांनी चष्म्यांच्या आणि कवळ्यांच्या किमतीचा काही भार रुग्णांवर टाकला. रक्कम सरकारच्या मानाने किरकोळ होती. बेव्हनने मंत्रिपदाचा राजीनामा दिला. दारात पैसे मागायला एकदा सुरुवात झाली की ती थांबत नाही, ही त्याची भीती होती. पुढच्याच वर्षी, सत्तेवर आलेल्या हुजूर पक्षाने औषधाच्या चिठ्ठीमागे एक शिलिंग लावला.

ही सेवा देशाला बुडवणार अशी हाकाटी झाली, तेव्हा हुजूर सरकारने चौकशीसाठी गिलबॉड समिती नेमली. 1956 मध्ये तिचा निष्कर्ष आला: राष्ट्रीय उत्पन्नाशी तुलना केली तर सेवेचा खर्च 1949-50 मधल्या पावणेचार टक्क्यांवरून 1953-54 मध्ये सव्वातीन टक्क्यांवर उतरला होता. उधळपट्टी सापडली नाही. त्यानंतर कोणत्याही पक्षाला ही सेवा मोडायचा धीर झाला नाही.

अमेरिकेची दुसरी वाट

अमेरिकेतही सुरुवात वर्गणीनेच झाली होती. 1929 मध्ये टेक्सासमधल्या डॅलस शहरात, बेलर विद्यापीठाच्या इस्पितळाने शिक्षकांसाठी योजना काढली: महिन्याला 50 सेंट भरा आणि वर्षातले 21 दिवस इस्पितळात खर्चाविना राहा. पुढे देशभर पसरलेल्या 'ब्लू क्रॉस' विम्याचं मूळ तेच.

खरं वळण युद्धाने दिलं. 1942 मध्ये महागाई रोखण्यासाठी सरकारने पगार गोठवले. कारखान्यांना माणसं मिळेनात आणि पगार वाढवून ती ओढता येईनात. विम्याचा हप्ता मात्र पगारात धरला जाणार नाही, असं ठरलं. मालकांनी लगोलग कामगारांना आरोग्य विमा देऊ केला. या हप्त्यावर कामगाराला करही पडत नव्हता, आणि 1954 मध्ये ती सवलत कायद्यात पक्की झाली. युद्धकाळातली ही तात्पुरती सोय पुढे देशाची आरोग्यव्यवस्था बनली. नोकरी आणि उपचार यांची गाठ पडली. नोकरी गेली की विमा गेला.

ही गाठ अजून सैल असताना राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी 19 नोव्हेंबर 1945 रोजी काँग्रेसला संदेश पाठवला आणि सर्व नागरिकांसाठी राष्ट्रीय आरोग्य विमा मागितला. युद्धासाठी तपासलेल्या तरुणांपैकी सुमारे 50 लाख सैन्यासाठी अपात्र ठरले होते, हे त्यांनी निदर्शनास आणलं. इस्पितळं सरकारजमा करण्याचा त्यात प्रस्तावही नव्हता. ब्रिटनपेक्षा ही योजना कितीतरी मवाळ होती.

तिच्याविरुद्ध अमेरिकन मेडिकल असोसिएशन उभी राहिली. 1948 मध्ये ट्रुमन निवडणूक जिंकले, तेव्हा संघटनेने प्रत्येक सदस्याकडून 25 डॉलरची खास वर्गणी मागितली आणि कॅलिफोर्नियातल्या व्हिटेकर अँड बॅक्स्टर या प्रचारसंस्थेला काम दिलं. नवरा-बायकोच्या या संस्थेने गव्हर्नर अर्ल वॉरन यांची राज्यापुरती विमा योजना आधीच हाणून पाडली होती. 1949 या एका वर्षात संघटनेने सुमारे 15 लाख डॉलर खर्च केले. दवाखान्यांच्या भिंतींवर ल्यूक फिल्ड्स यांचं 1891 मधलं गाजलेलं चित्र झळकलं: दोन खुर्च्या जोडून केलेल्या बिछान्यावर आजारी मूल, हनुवटीला हात लावून त्याच्याकडे एकटक पाहणारा डॉक्टर, मागे अंधारात आईबाप. खाली आवाहन: या चित्रात राजकारण आणू नका. शीतयुद्धाची हवा होती. 'सोशलाइज्ड मेडिसिन' हा शब्द उच्चारला की पुढचं बोलणंच खुंटायचं.

संघटना जिंकली. कामगार संघटनांनाही राष्ट्रीय विमाच हवा होता, पण वॉशिंग्टनमध्ये दार बंद झाल्यावर त्यांनी मालकांशी सौदे केले. 1950 मध्ये मोटार कामगारांच्या संघटनेने जनरल मोटर्सकडून विम्याचा अर्धा खर्च मिळवला. सर्वांत संघटित, सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाचा प्रश्न सुटला आणि मागे उरले म्हातारे, बेकार, शेतमजूर, ज्यांचा आवाज कुणी ऐकत नव्हतं. वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड यायला 1965 साल लागलं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ट्रुमन यांच्या गावी जाऊन त्या कायद्यावर सही केली आणि मेडिकेअरचं पहिलं कार्ड 81 वर्षांच्या ट्रुमन यांच्या हाती दिलं.

असंख्य विमा कंपन्या, प्रत्येकीचे वेगळे दर आणि वेगळे अर्ज, आणि दर ठरवताना सगळ्यांच्या वतीने बोलणारं कुणी नाही. जगातल्या सर्वांत महाग व्यवस्थेत आजही अडीच कोटींहून अधिक माणसं विम्याबाहेर आहेत, ती यामुळे.

नाशिकचे भोर आणि चार खंड

आता आपल्याकडे वळू. बेव्हरिज यांच्या अहवालाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा ऑक्टोबर 1943 मध्ये हिंदुस्थान सरकारने देशाच्या आरोग्याची पाहणी करायला समिती नेमली. अध्यक्ष होते सर जोसेफ भोर: जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्यात डेक्कन कॉलेजात, मग आयसीएस. समितीत ए. एल. मुदलियार आणि बिधानचंद्र रॉय यांच्यासारखे डॉक्टर होते, तसे मुंबईचे कामगार नेते ना. म. जोशीही होते.

समितीने मांडलेलं चित्र काळजाचा ठाव घेणारं होतं. जन्मलेल्या हजार बाळांपैकी 162 पहिला वाढदिवस पाहत नव्हती. सरासरी आयुर्मान 27 वर्षं. 6,300 माणसांमागे एक डॉक्टर, 43 हजारांमागे एक परिचारिका.

1946 मध्ये आलेल्या अहवालाने तत्त्व निःसंदिग्ध शब्दांत सांगितलं: पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कुणीही उपचारांवाचून राहता कामा नये. उपचार मोफत असावेत, डॉक्टर पगारी असावेत, खेड्याला अग्रक्रम मिळावा. दूरच्या पल्ल्यात 10 ते 20 हजार वस्तीमागे 75 खाटांचं इस्पितळ. त्याआधी, पहिल्या टप्प्यात, 40 हजारांमागे दोन डॉक्टरांचं प्राथमिक आरोग्य केंद्र. आज तालुक्या-तालुक्यात ज्याला आपण पीएचसी म्हणतो, त्याचा उगम या पानांत आहे.

मग फाळणी झाली, निर्वासितांचे लोंढे आले, धान्य कमी पडलं. नव्या देशाकडे पैसा नव्हता हे खरंच. पण जो होता, तो वाटताना आरोग्याचं पान शेवटी वाढलं गेलं. पहिल्या पंचवार्षिक योजनेत आरोग्याचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या आत राहिला. आरोग्य केंद्रं 1952 पासून सुरू झाली ती विकासगटाला एक या हिशेबाने, म्हणजे समितीने सांगितलेल्याच्या कितीतरी जास्त वस्तीला.

याच काळात वर्गणीची वाट आपणही धरली, पण थोड्यांसाठी. प्रा. बी. पी. अदारकर यांनी 1944 मध्ये कारखान्यांतल्या कामगारांसाठी आरोग्य विम्याचा आराखडा दिला. त्यातून कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायदा आला तो एप्रिल 1948 मध्ये, म्हणजे ब्रिटनची सेवा सुरू होण्याच्या सुमारे अडीच महिने आधी. 1952 मध्ये कानपूर आणि दिल्लीत तो लागू झाला. मालक आणि कामगार दोघांचा हप्ता, आणि ईएसआयच्या दवाखान्यात कामगाराला उपचार, पुढे सगळ्या घरालाही. 1954 मध्ये केंद्र सरकारच्या नोकरांसाठी वेगळी योजना आली. गिरणीतला विणकर आणि दिल्लीतला कारकून आत आले. विदर्भातला कापूस वेचणारा, कोकणातला नाखवा, शहरात डोक्यावर पाट्या वाहणारी बाई बाहेर राहिली. अमेरिकेत जे झालं तेच इथेही घडलं: संघटितांची सोय लागली आणि बाकीच्यांसाठी भांडायला जोरकस माणूस उरला नाही.

बाहेर राहिलेल्यांनी काय केलं, ते महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात विचारावं. ॲडमिट होताना डिपॉझिट भरायचं म्हणून मंगळसूत्र गहाण पडलं, सावकाराकडून पैसे उचलले गेले, ऑपरेशनसाठी बैलजोडी विकली गेली. 2004-05 मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चातले 69 टक्के रुग्णांच्या खिशातून जात होते. 2021-22 मध्ये हे प्रमाण 39 टक्क्यांवर आलं. उतार मोठा आहे आणि त्यामागे सरकारी खर्चातली वाढ आहे. महाराष्ट्राची 2012 पासूनची जीवनदायी योजना, जी पुढे महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि 2018 ची केंद्राची आयुष्मान भारत यांनी इस्पितळातल्या मोठ्या उपचारांचं ओझं कित्येक घरांवरून उतरवलं. पण या योजना मुख्यतः ॲडमिट झालेल्यांसाठी आहेत. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, रक्ताच्या तपासण्या, साध्या डॉक्टरची फी हे अजून बहुतेकांना स्वतःच भागवावं लागतं.

ब्रिटनच्या सेवेलाही आज मोठी दुखणी आहेत. ऑपरेशनसाठी महिनोन् महिने थांबणारे लाखो लोक तिथे आहेत, आणि पैसा कमी पडला की कोणतीही चांगली व्यवस्था कशी झिजते हे त्यातून दिसतं. तरीही त्या रांगेत कुणाच्या जमिनीचा लिलाव होत नाही. 1948 चा ब्रिटन कर्जबाजारी होता, अमेरिका धनाढ्य होती, आपण कंगाल होतो. पण उपचार कुणाला मिळणार हे या तिजोऱ्यांवरून ठरलं नाही. बेव्हनने विरोधकांना सवलती दिल्या पण दारात पैसे न मागण्याचं तत्त्व सोडलं नाही. ट्रुमन प्रचारापुढे हरले. आणि भोर समितीच्या पाठीशी मतपेटीतून बोलणारं कुणी उभंच राहिलं नाही.

ही तिसरी गोष्ट अजून बदलता येते. आपण आज भोरांच्या काळापेक्षा अनेक पटींनी श्रीमंत आहोत. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. ते गाठलं गेलेलं नाही. रस्ता, वीज आणि पाण्यासाठी आपण आमदार-खासदारांना धारेवर धरतो. तसंच आता मत मागायला आलेल्या प्रत्येकाला विचारायला हवं: आमच्या आरोग्य केंद्रात दुसरा डॉक्टर केव्हा येणार, औषधं केव्हा पुरणार, आणि त्यासाठी अर्थसंकल्पात तुम्ही किती पैसे मागितले? ब्रिटनमध्ये हा प्रश्न खाणकामगारांनी विचारला, आणि उत्तर मिळेपर्यंत ते थांबले नाहीत.